काळीपिवळीतली एम.ए.

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चिंच फोडणं. सकाळची वेळ होती. पडवीत पोतं अंथरलेलं, मधे चिंचेचा ढीग. मी ठोकत होतो, ती चिंचोके काढत होती. तिचे हात चिंचेत आणि डोकं दुसऱ्या दिवशीच्या व्हायव्यात, म्हणजे एम.ए.च्या तोंडी परीक्षेत. मला तिनं बाहेरगावचा परीक्षक करून ठेवलं होतं. मी चौथी नापास माणूस, पण परीक्षक म्हटल्यावर अंगात येतंच. मी आवाज जाड करून विचारलं, "या वयात एम.ए. करून तुमी काय उजेड पाडणार?"

"असा सवाल नसते," ती म्हणाली.

"परीक्षक मी आहो का तू?"

"परीक्षक असा पाय खाजवत नाही. आधी हात धुवा, नीट बसा, मंग विचारा."

मी उठलो आणि हात धुऊन आलो. परत चिंचेतच घालायचे होते, तरी धुऊन आलो. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस असाच होतो.

त्याच दुपारी ती जेवून आडवी झाली आणि उठली नाही. डॉक्टर म्हणाला हृदय. मी म्हटलं, असेल. उशीर तिला कशातच चालत नसे, जातानाही तिनं कोणाला ताटकळत ठेवलं नाही.

आता लोक येतात आणि तिच्या फोटोपुढं हात जोडून म्हणतात, शांत होती, सोशिक होती, देवी होती. आमच्या घरी देव मानत नाहीत आणि हे तिला देवी करून राह्यले. शांत? ती गल्लीच्या तोंडाशी बोलली की मला घरात कळायचं आज कोणाचं नाक वाहत आहे. म्हणून मी हे लिहायला बसलो. माझं शुद्धलेखन जसं आहे तसं आहे.

गाव तिला बाई म्हणायचं. अंगणवाडीच्या बाई. मीही बाईच म्हणायचो. दुसरं काही म्हणून पाहिलं होतं नवं लग्न झालं तेव्हा, पण तिनं वळून पाहिलं नाही. गावातली निम्मी माणसं तिच्या वजनकाट्याला झोळीत लटकून मोठी झाली. त्यामुळे माणूस कितीही मोठा झाला तरी बाईला तो झोळीतलाच दिसायचा. सरपंच घरी आला की ती म्हणायची, "हात पाहू." सरपंच खरंच दोन्ही हात पुढं करायचा आणि नखं दाखवायचा. एकदा लग्नाच्या मांडवात नवरदेवाला अक्षता टाकायच्या आधी म्हणाली, "वजन कमी झालं रे तुहं." नवरदेव घाबरला, नवरीकडचे त्याहून घाबरले.

रिटायर झाली तेव्हा मी म्हटलं, आता सुखानं बस. ती म्हणाली, "बसून काय अंडे घालू?" नोकरीत असताना तिनं घरूनच अभ्यास करून बी.ए. केलं होतं. आता यवतमाळच्या कॉलेजात एम.ए.ला नाव टाकलं. समाजशास्त्र. मी विचारलं, "समाजाचं कायले शास्त्र पाह्यजे? समाज तं पानठेल्यावर उभा आहे." तिनं डबा भरला आणि निघाली. पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तर सगळ्या पोरी उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं नव्या मॅडम आल्या. बाई म्हणाली, "बसा गं, मीबी पोट्टीच आहो." आणि पहिल्या बाकावर जाऊन बसली. घरी आल्यावर हे सांगून एवढी हसली की ठसका लागला.

एम.ए.च्या शेवटाला लघुप्रबंध लिहावा लागतो. म्हणजे एक विषय घ्यायचा, स्वतः हिंडायचं, पाहायचं, लोकांना विचारायचं आणि पुस्तकाएवढं लिहून काढायचं. देखरेखीला एक प्राध्यापक मिळतो, त्याला गाईड म्हणतात. बाईला मिळालेला गाईड आमच्या पोरीपेक्षा लहान होता. काटकुळा, शर्टाचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं, बोलताना टेबलाकडं पाहणारा. तासिकेवर शिकवायचा, पक्की नोकरी नव्हती. बाई त्याला सर म्हणायची, तुम्ही म्हणायची, आणि वागवायची मात्र झोळीतल्यासारखंच. "सर, आधी हे केळ खा, मंग सांगा काय चुकलं ते." तो बिचारा केळ खाऊन होईपर्यंत काय चुकलं ते विसरून जायचा.

त्यानं पहिल्यांदा तिला विषय सुचवला तो होता ग्रामीण महिलांचं सबलीकरण. बाई म्हणाली, "सर, हे तं मी अंगणवाडीच्या भितीवर रंगवून रंगवून थकली. भित पडून गेली, ते काही झालं नाही."

"मग तुमच्या मनात काय आहे?"

"काळीपिवळी."

काळीपिवळी म्हणजे माझी जीप. आमचं गाव ते दारव्हा, सीट भरली की निघायची. बाई रोज माझ्याच जीपनं दारव्ह्याला उतरायची आणि पुढं एसटीनं यवतमाळ. तिचं म्हणणं, या जीपमध्ये बाया कशा बसतात, कोणाशेजारी बसतात, कधी बोलतात, कधी गप होतात, हा विषय आहे. गाईड म्हणाला, यात संशोधन काय? बाई म्हणाली, "तुमी एकदा बसून पाहा, सर."

तो बाजाराच्या दिवशी आला. मी त्याला मधल्या सीटवर बसवलं. त्या दिवशी जीपमध्ये किती माणसं होती तो आकडा मी इथं लिहीत नाही, आरटीओवालाही वाचत असेल. गाईडच्या एका बाजूला एक मावशी वांग्याचं टोपलं घेऊन आणि दुसऱ्या बाजूला एक भाऊ. गावात उतरला तेव्हा त्याचा शर्ट बाहेर, गळ्याचं बटण तुटलेलं. शर्ट खोचत म्हणाला, "बाई, विषय चांगला आहे."

मी म्हटलं, "सर, परतीची सीट ठेवू का?" तो म्हणाला, मी एसटीची वाट पाहतो.

सुरुवात मात्र पार फसली. गाईडनं सवालांचे कागद करून दिले. जीपमध्ये कुठं बसायला आवडतं, त्रास होतो का, शेजारच्याशी बोलता का, असे सवाल. बाई कागद घेऊन घरोघर फिरली. महिनाभर चुलीपुढं बसून लिहून घेतलं. गठ्ठा घेऊन यवतमाळला गेली आणि गाईडनं तो वाचला. सगळ्या बायांचं उत्तर एकच. कुठंही बसते बाई. त्रास नाही बाई. हाव बाई, सगळं बरोबर आहे. एका बाईनं तर जीपचा सवाल ऐकून घेतला आणि वरून सांगितलं, "आहार नेमानं भेटते बाई." आणि आमच्या बाईनं तेही इमानदारीनं लिहून घेतलं होतं.

कारण सरळ होतं. गावात बाई हातात कागद घेऊन दारात आली म्हणजे सरकार आलं. सरकारला काय सांगायचं ते तिनंच या बायांना शिकवलेलं. वरून साहेब तपासणीला येणार असला की आदल्या दिवशी ती स्वतः घरोघर सांगत फिरायची, "विचारलं तं हाव म्हणा, नाही तं आहार बंद होईन." बायांनी इमानानं हाव म्हटलं. आता बाईच्या पुढ्यात त्याच हावचा ढीग पडला होता.

गाईड म्हणाला, "बाई, हे सगळं एकाच माणसानं भरल्यासारखं दिसतं. हे मी पुढं पाठवू शकत नाही." टेबलाकडं पाहूनच म्हणाला, पण म्हणाला.

त्या दिवशी ती घरी आली आणि चपला न काढता ओट्यावर बसली. चहा मीच केला. त्यात साखर विसरलो, तरी तिनं तो पिऊन टाकला. तेव्हा मला पहिल्यांदा काळजी वाटली.

मी लगेच जाऊन चौकशी केली. आपल्याकडं कोणत्याही गोष्टीचा रस्ता निघतो. टायपिंगच्या दुकानात तयार प्रबंध मिळतात, दुसऱ्याचा जुना काढायचा, वरचं नाव बदलायचं, बायंडिंग करायचं की झालं. दुकानदार ओळखीचा निघाला. मी मोठ्या खुशीनं घरी आलो, ती अजून तशीच ओट्यावर होती, तिला सांगितलं. म्हटलं, "घेऊन टाक एखादा. तुले कोण विचारते?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मला माझी नखं आठवली.

"आमच्यात काही बाया होत्या," ती म्हणाली. "लेकराले काट्याले न लटकवता घरी बसून वजन भरायच्या. मागच्या महिन्यापेक्षा थोडं वाढवून. कागदावर लेकरू गुटगुटीत अन् घरात पाहा तं हाडं. मी साहेबायपुढं बायायले हाव म्हणाले लावलं, हे खरं आहे. पण वजन कधी घरी बसून नाही भरलं. आता बुढेपणी भरू?"

"मंग काय करशीन?"

"लटकवते," ती म्हणाली आणि चपला काढल्या.

दुसऱ्या दिवसापासून ती जीपमध्ये येऊन बसली. हातात कागद नाही, पेन नाही. कोणाला काही विचारायचं नाही, फक्त पाहायचं. दारव्ह्याला जायची, तिथं स्टँडवरच्या लिंबाखाली बसून आठवेल ते लिहायची, आणि त्याच जीपनं परत. परत आली की पुन्हा दारव्हा. बाया विचारायच्या, "बाई, कुठं चालल्या?" "दारव्ह्याले." "काय काम काढलं?" "काही नाही, परत यायचं आहे." दोन-चार दिवसांत गावात बातमी पसरली की बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. आठवड्यात दुसरी बातमी आली की डोकं ठीक आहे, पण बाई बुढ्यावर पाळत ठेवून राह्यली. पानठेल्यावर एकानं मला डोळा मारला. या वयात माझ्यावर पाळत ठेवण्यासारखं काही आहे असं गावाला वाटतं, हे कळून मी तीन दिवस दाढी केली.

आणि तिला सापडलं. मी त्या रस्त्यावर जीप चालवून म्हातारा झालो, पण माझं ध्यान समोरच्या खड्ड्यात. तिनं मागं पाहिलं. बाई माणूस जीपमध्ये चढली आणि शेजारी अनोळखी गडी आला की ती मांडीवरची पिशवी उचलते आणि दोघांच्या मधे ठेवते. पिशवी नसली तर लेकरू ठेवते. लेकरू नसलं तर कोपर. गडी उतरला आणि तिथं बाई आली की पिशवी पुन्हा मांडीवर जाते आणि तोंड उघडतं. हे कोणी कोणाला शिकवलेलं नाही. सवालाच्या कागदावर त्याच बाया म्हणाल्या होत्या, कुठंही बसते बाई, त्रास नाही बाई. बाईनं हे गाईडला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा टेबलावरून नजर उचलून बोलला, असं ती सांगायची. "बाई, हाच तुमचा प्रबंध."

यात माझा काय गुन्हा? पण माझं नाव आलंच. मी जीप भरताना ओरडायचो, "मावशी, पिशवी टपावर टाका!" पिशवी टपावर गेली की एक सीट वाढते. बाईनं हे लिहून काढलं. चालक पिशव्या टपावर टाकायला लावतो आणि त्यानंतर बाया उतरेपर्यंत अंग चोरून बसतात, बोलत नाहीत. मी म्हटलं, "मंग मी पिशवीले सीट देऊ का माणसाले?"

"हेच वाक्य लिहिलं मी," ती म्हणाली.

वरून माझी माहितीही दिली होती. चालक, पुरुष, शिक्षण चौथी अनुत्तीर्ण, स्वभाव भांडखोर. यावर मी खरंच भांडलो. चौथीचं कबूल, पण स्वभाव कायले? ती म्हणाली, पाह्यलं ते लिहिलं. शेवटी गाईडनं तिथं लाल रेघ मारली आणि शेजारी लिहिलं की संशोधनात स्वभाव लिहीत नाहीत. तेव्हापासून तो पोरगा मला आवडायला लागला.

त्याचं लाल पेन सोपं नव्हतं. दिसायला लाजरा, पण कागदावर कसाई. तिसरं प्रकरण त्यानं किती वेळा परत पाठवलं याची गिनती मी सोडून दिली. पहिल्यांदा परत आलं तेव्हा बाई रागानं लाल होऊन घरी आली. "तो मले म्हणते, बाई, हे तुमाले वाटते का तुमी पाह्यलं? मी लिहिलं की बायायले भीती वाटते. तो म्हणते, भीती कुठं पाह्यली? पिशवी पाह्यली ना, मंग पिशवी लिहा. भीती वाचणारा पाहून घेईन." मी म्हटलं, दुसरा गाईड माग. ती म्हणाली, "नाही. पोट्टं पक्कं आहे."

मग ते वाक्य आमच्या घरात राहायला आलं. मी म्हणायचो, भाजी खारट झाली. ती म्हणायची, "वाटते का पाह्यली?" मी म्हणायचो, शेजारचा आपल्यावर जळते. "वाटते का पाह्यलं?" एकदा माझं पोट दुखत होतं, तेव्हाही तिनं हेच विचारलं. मी म्हटलं, पोट कसं पाहू, भैताड बाई!

गाईड फोन उचलत नसला की ती सरळ यवतमाळ गाठायची आणि त्याच्या विभागाच्या दारात डबा घेऊन बसायची. येणाऱ्या-जाणाऱ्या प्राध्यापकांना सांगायची, "आमचे सर जेवले नाही अजून, त्यायची वाट पाहून राह्यली." पोरगं लाजेनं धावत यायचं. डबा दोघं खायचे आणि मग भांडायचे. तो तिला 'मी' लिहू देत नसे. मी पाहिलं, असं नाही लिहायचं. संशोधिकेस आढळून आले, असं लिहायचं. बाई म्हणाली, "संशोधिका कोण?" तो म्हणाला, तुम्हीच. "मंग माह्या तोंडात काय मूग भरले का?" तो म्हणाला, पद्धत आहे. ती पद्धत तिनं मानली, पण घरी वाचून दाखवताना संशोधिका आली की ती गळ्यावर बोट ठेवून स्वतःकडं दाखवायची, मला समजावं म्हणून.

प्रबंध टाईप झाला, जाड पुठ्ठ्यात बांधून आला. वर सोनेरी अक्षरात विषय, खाली तिचं नाव, त्याखाली गाईडचं. तिनं तो विहारात नेऊन ठेवला, दोन दिवस लोकांनी हाताळला. आणि मग जे व्हायचं तेच झालं. गावातला एक रिटायर मास्तर पानठेल्यावर म्हणाला, "एवढं बुढीच्यानं होते का? गाईडनं लिहून देलं. डबे काय उगाच नेत होती?"

मी भांडायला निघालो होतो, कॉलर धरायची तयारी होती. बाईनं थांबवलं. "तुमी भांडसान तं तो म्हणीन, पाहा, मिरची लागली. होऊ द्या व्हायवा. तिथं बाहेरचा परीक्षक असते, दार लावून विचारते. गाईडले बोलता येत नाही. तिथं मीच बोलीन."

मोठ्या तोऱ्यात बोलली, पण दुसऱ्याच दिवशी जीपमध्ये माझ्या शेजारच्या सीटवर बसून, रस्त्याकडं पाहत, हळूच म्हणाली, "मी काय म्हणते, तिथं माही बोबडी वळली तं?"

सरपंचाची नखं पाहणारी बाई. मी गाडी हळू केली.

"लोक म्हणतीन, पाहा, लिहिलंच नव्हतं," ती म्हणाली. "सापडली चोरी."

मला धीर देता येत नाही. मी म्हटलं, "तुही बोबडी वळली तं मी दारव्ह्यात पेढे वाटीन. आयुष्यात एकदा तरी." तिनं माझ्या दंडावर चापट मारली. पण तेव्हापासून तिनं मला परीक्षक केलं. सकाळ-संध्याकाळ मी सवाल विचारायचो, ती उत्तर द्यायची. मला उत्तर कळायचं नाही. ती अडखळली की नाही, तेवढं मी पाहायचो. चिंच फोडली त्या सकाळी ती एकदाही अडखळली नाही.

बाई गेल्याचा निरोप मिळून पोरगी पुसदहून येईपर्यंत ऊन उतरलं होतं. संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही बाईला नेलं. गाव सगळं आलं. वंदना झाली. झोळीत लटकलेली सगळी माणसं रांगेत उभी होती आणि कोणाचे हात पाहायला कोणी नव्हतं. गाईड त्याच्या टू-व्हीलरवर यवतमाळहून आला. चेहरा धुळीनं भरलेला, बटण गळ्यापर्यंत. मला जयभीम केला. मी म्हटलं, "जेवले का?" तेव्हा तो रडला.

परत येताना तो रिटायर मास्तर कोणाला तरी म्हणत होता, "एका अर्थी सुटली बिचारी, उद्या परीक्षा होती." वाईट बोलला असं नाही. लोक अशा वेळी काहीही बोलतात. पण ते वाक्य माझ्या कानात गेलं आणि तिथंच बसलं.

मी गाईडला बाजूला घेतलं. "उद्याच्या व्हायव्याचं काय?"

"मी सांगतो बाबा त्यांना. तुम्ही काळजी करू नका."

"कागदावर काय लिहितीन?"

तो खाली पाहत राहिला. "गैरहजर लिहितात."

"कारण लिहाची जागा असते?"

"नसते," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला आणि जीप काढली. पोरगी दारात आली. "बाबा, कुठं चालले? लोक येतीन आज भेटाले."

"आले तं बसव."

"आज गाडी काढता का? लोक काय म्हणतीन!"

"जे म्हणतीन तेच थांबवाले चाललो," मी म्हटलं.

चौकात दोन बाया हात करून उभ्या होत्या. मला पाहिलं, जीप रिकामी पाहिली, आणि हात खाली घेतला. मी तसाच यवतमाळला गेलो. मधे कुठं थांबलो नाही.

कॉलेजात एका खोलीबाहेर पोरी बसल्या होत्या, मांडीवर जाड पुठ्ठ्याचे प्रबंध. मी टोकाच्या खुर्चीत बसलो. एकीनं सरकून जागा दिली, तिला वाटलं मी कोणाचा तरी बाप. शिपाई नावं घेत होता. मग त्यानं आमच्या बाईचं पूर्ण नाव घेतलं, मधे माझं नाव, शेवटी आडनाव. मी उठलो.

"तुम्ही कुठं, बाबा?" शिपाई म्हणाला.

"नाव घेतलं ना तू," मी म्हटलं आणि आत गेलो.

आत टेबलामागं बाहेरगावच्या परीक्षक मॅडम, शेजारी आमचा गाईड. मला पाहून तो उभा राहिला. मॅडमपुढं बाईचा प्रबंध उघडा होता, पानापानांत चिठ्ठ्या घातलेल्या. म्हणजे वाचला होता त्यांनी.

मी म्हटलं, "मी तिचा नवरा. काल दुपारी वारली ती. घाबरून राह्यली असं कोणी म्हणू नये, म्हणून सांगाले आलो."

मॅडम म्हणाल्या, "मला सरांनी सांगितलं. तुम्ही बसा." बसायला एकच खुर्ची होती, परीक्षा देणाऱ्याची. मी त्या खुर्चीशेजारी उभा राहिलो.

"मॅडम, एक मागणं आहे. तिले जे विचारणार होत्या ते विचारा. मले उत्तर येत नाही. पण विचारा."

मॅडमनी गाईडकडं पाहिलं. गाईड खिडकीकडं पाहत होता. मग त्यांनी चष्मा घातला, पहिली चिठ्ठी काढली आणि त्या खुर्चीकडं पाहून सवाल विचारला. प्रश्नावली सोडून निरीक्षणाची पद्धत का घेतली, असा काहीसा. विचारून थांबल्या. मग दुसरी चिठ्ठी. दुसरा सवाल एवढा लांब होता की अर्ध्यात मी पाय बदलला. प्रत्येक सवालानंतर त्या थांबायच्या, जितकं उत्तराला थांबावं तितकं. पंखा आवाज करत होता. सवाल कठीण होते की सोपे, मला कळलं नाही. एवढं कळलं की हे गाईडला विचारायचे सवाल नव्हते. ज्यानं जीपमध्ये बसून पाहिलं, त्यालाच विचारायचे होते.

शेवटच्या चिठ्ठीवर त्या अडल्या. मग त्यांनी वाचलं, "या अभ्यासातील जीपचालक हे संशोधिकेचे पती आहेत. त्याचा निरीक्षणावर परिणाम झाला का?"

खोलीतल्या दोघांनी माझ्याकडं पाहिलं.

"याचं देतो मी उत्तर," मी म्हटलं. "नाही झाला, मॅडम. तिनं माह्याबद्दल एक ओळबी गोड लिहिली नाही. पाहून घ्या."

मॅडमनी खरंच पानं उलटली. एका पानावर थांबल्या, बोट ठेवून वाचलं, आणि त्यांना हसू आलं. ते त्यांनी लपवलं नाही. मग पुढ्यातल्या कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

मी बाहेर आलो. शिपायानं पुढच्या पोरीचं नाव घेतलं.